किलिमांजारो : सावकाश चढण्याचे शास्त्र

उंच पर्वत म्हटला की दोर, बर्फातली कुऱ्हाड आणि प्राणवायूची नळकांडी आपल्या डोळ्यांपुढे येतात. टांझानियातील किलिमांजारो हे त्या देशाचेच नव्हे, तर साऱ्या आफ्रिका खंडाचे सर्वोच्च शिखर. उंची ५,८९५ मीटर. तरीही नेहमीच्या वाटांनी तेथे चालत जाता येते. १९६१ च्या डिसेंबरात टांगानिका स्वतंत्र झाला, तेव्हा या माथ्यावर मशाल पेटवण्यात आली आणि त्याला ‘उहुरू’, म्हणजे स्वातंत्र्य, हे नाव मिळाले.

वाट सोपी, म्हणून माणूस भरभर चढतो. आणि धोका आहे तो येथेच. उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही, पण हवेचा दाब घटतो. शिखरावर तो समुद्रसपाटीच्या सुमारे निम्मा असतो. साहजिकच प्रत्येक श्वासागणिक प्राणवायूही निम्माच मिळतो. शरीर यावर उपाय योजते. श्वास जलद होतो. मग मूत्रपिंडे काही दिवसांत रक्तातील आम्ल-अल्कांचा तोल नव्याने साधतात. तांबड्या पेशी वाढण्यास तर आठवडे लागतात. तालमीत कमावलेल्या शरीरालाही ही मुदत चुकत नाही.

आता मारांगूची वाट पाहा. तिच्यावरील मुक्काम सुमारे २,७००, ३,७०० आणि ४,७०० मीटरांवर आहेत. तीन हजार मीटरांनंतर रोजचा मुक्काम पाचशे मीटरांहून अधिक वर नेऊ नये, असा वैद्यकाचा सल्ला. येथे मात्र एका दिवसात हजार मीटर वाढतात! म्हणून जाणता प्रवासी मधल्या होरोंबो मुक्कामी एक रात्र जादा काढतो, दिवसा थोडे वर जाऊन झोपायला खाली येतो. उद्यानाचे शुल्क दिवसांवर आकारले जाते, त्यामुळे नेमका हाच दिवस वाचवण्याचा मोह पुष्कळांना होतो. ती काटकसर महाग पडते.

वाटाडे सारखे बजावत असतात, ‘पोले पोले’. म्हणजे सावकाश, सावकाश. डोके दुखून मळमळू लागले, तर आणखी वर जाऊ नये. तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्याजागी धाप लागली, तर मध्यरात्र असली तरी तत्काळ खाली उतरावे. शिखर दोन तासांवर राहिले आहे, ही सबब तेथे चालत नाही. अशा सबबीपायी धडधाकट माणसे दगावली आहेत.