गल्लीच्या रस्त्याचे पैसे कोणी द्यायचे? आणि ‘फायदा’ मोजायचा कसा?

दिवाळीत सायखेड्याला आत्याकडे गेलो होतो. संध्याकाळी ओट्यावर चार-पाच घरची माणसं जमली होती. विषय एकच, बोळाचा. मोठ्या गल्लीचा रस्ता काँक्रीटचा झालाय, पण आतल्या बोळात अजून मुरूमच आहे. पावसाळ्यात गुडघ्याएवढा चिखल होतो. निधीची वाट बघत बसण्यापेक्षा वर्गणी काढून पेव्हर ब्लॉक बसवून टाकू, असं चाललं होतं.

वर्गणी द्यायला सगळे तयार होते. वाद होता तो कोणी किती द्यायची यावर. एकजण म्हणाला, “घरटी सारखी.” दुसरा म्हणाला, “ज्याच्या घराची बोळाकडची बाजू लांब, त्याने जास्त.” तिसरा म्हणाला, “ज्याचा फायदा जास्त, त्याने जास्त.” आत्या तोवर गप्प होती. तिचं घर जुनं, जोतं खाली. ती म्हणाली, “आन् रस्ता वर आल्यावर ज्याच्या घरात पाणी शिरंल, त्याने काय द्यायचं?”

ज्या गावाने २०१६ आणि २०१९ साली गोदावरीचा पूर पाहिलाय, तिथे चार इंचांचा फरकही कोणी हसण्यावारी नेत नाही. ओटा एकदम शांत झाला.

माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रातलं, पीएच.डी. जमिनीच्या किमतींवर. आत्याच्या एका वाक्यात आमच्या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न आला होता. तुमच्यापैकी जे ‘पेट’ची तयारी करताय किंवा सिनॉप्सिससाठी विषय शोधताय, त्यांच्यासाठी तो प्रश्न आज उलगडून सांगतो.

आधी शब्द नीट करून घेऊ

रस्त्यासाठी लोकांकडून पैसे घेण्याच्या तीन वाटा आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की पुढचा सगळा युक्तिवाद घसरतो.

पहिली वाट कराची. घरपट्टी घ्या. नमुना ८ वर तुमच्या घराची आकारणी होते आणि तुम्ही पट्टी भरता. ते पैसे गावाच्या सामायिक खात्यात जातात. तुमच्याच बोळात खर्च होतील असं बंधन नाही.

दुसरी वाट शुल्काची. ठरावीक सेवा दिली, तिच्या बदल्यात पैसे घेतले. कर आणि शुल्क यांतला हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणात मांडला. कायद्याचे विद्यार्थी तो आजही तिथूनच शिकायला सुरुवात करतात.

तिसरी वाट आपल्या विषयाची. सार्वजनिक कामामुळे तुमच्या जागेची किंमत वाढली, तर त्या वाढीतला काही भाग कामाच्या खर्चासाठी द्यायचा. याला बेटरमेंट म्हणतात, आपल्या कायद्याच्या भाषेत अंशदान. ते सगळ्या गावाकडून घ्यायचं नसतं आणि सेवा वापरली म्हणूनही घ्यायचं नसतं. ज्याच्या मालमत्तेला खास लाभ झाला, फक्त त्याच्याकडून घ्यायचं असतं. ‘खास’ हा शब्द लक्षात ठेवा.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही

मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३०५ आणि ३०६ बघा. खासगी रस्ता असेल तर त्याच्या कडेच्या मालकांना तो सपाट करा, फरसबंदी करा, गटार काढा, असं पालिका सांगू शकते. काम झाल्यावर तो रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर होऊ शकतो. म्हणजे आधी कडेच्या मालकांचा खर्च, मग सगळ्यांचा रस्ता.

पुढे १९१५ चा मुंबई नगररचना कायदा आला. त्यात नगररचना परियोजना होत्या: सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, उरलेली जमीन नव्या आकाराच्या भूखंडांत परत वाटायची आणि खर्चाचा वाटा मालकांकडून घ्यायचा. त्यानंतर १९५४ चा कायदा आला आणि आज महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा चालतो. त्यातली कलमं ९७ ते ९९ मूळ मराठीत किंवा इंग्रजीत एकदा वाचाच. तीनच कलमं आहेत, पण पूर्ण संशोधन-आराखडा त्यात बसतो.

कलम ९७ सांगतं की परियोजनेचा खर्च म्हणजे काय काय. कलम ९८ सांगतं की वाढ कशी मोजायची. कलम ९९ सांगतं की कोणी किती द्यायचं: खर्चाची वाटणी प्रत्येक भूखंडाच्या वाढीच्या प्रमाणात, पण वाढीच्या निम्म्याहून जास्त नाही. खर्च त्याहून जास्त झाला तर वरचा भार नियोजन प्राधिकरणाने सोसायचा.

हे कायदे शहरी परियोजनांसाठी आहेत, सायखेड्याच्या बोळाला ते लागू होत नाहीत. आपल्याला त्यांतलं तर्कशास्त्र हवंय.

आता हिशोब करू

समजा बोळात चारच घरं आहेत आणि काम २,००,००० रुपयांचं आहे. सगळे आकडे काल्पनिक.

घर अ: जुनं, राहतं, बोळाकडची लांबी ४० फूट. रस्त्यामुळे किमतीत वाढ ६०,०००.
घर ब: दर्शनी १५ फूटच, पण मागे कांद्याची चाळ. आता टेम्पो आत येईल. वाढ २,००,०००.
घर क: कोपऱ्यावरचं, २५ फूट, दुकान काढता येईल. वाढ १,४०,०००.
घर ड: २० फूट, जोतं खाली. रस्त्याचा फायदा आणि पाण्याचा तोटा यांची वजावट होऊन वाढ शून्य.

घरटी सारखी वर्गणी काढली तर प्रत्येकी ५०,०००. ड ने काही न मिळवता ५०,००० भरले.

लांबीवर काढली तर फुटाला २,००० पडतात. अ ला ८०,०००, ब ला ३०,०००, क ला ५०,०००, ड ला ४०,०००. म्हणजे अ ने ६०,००० च्या फायद्यासाठी ८०,००० दिले, आणि सगळ्यात जास्त कमावणारा ब सगळ्यात कमी देऊन सुटला.

कलम ९९ च्या रीतीने काढली तर एकूण वाढ ४,००,०००, तिचे निम्मे २,००,०००. अ ३०,०००, ब १,००,०००, क ७०,०००, ड शून्य. खर्च ३,००,००० असता तरी मालकांकडून २,००,००० च घेता आले असते, वरचे १,००,००० प्राधिकरणाचे.

तिसरी रीत सगळ्यांत न्याय्य वाटते ना? मग जग लांबीवर का जातं? कारण लांबी टेपने मोजता येते. वाढ मोजायला टेप नाही.

अमेरिकेत हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ओहायोतल्या नॉरवुड गावाने एका बाईंच्या जमिनीतून रस्ता काढला, त्यांना भरपाई दिली, आणि तीच रक्कम खर्चासकट त्यांच्याच उरलेल्या जमिनीवर लांबीच्या हिशोबाने आकारली. १८९८ मध्ये न्यायालय म्हणालं, खास लाभापेक्षा बरीच जास्त वसुली म्हणजे भरपाई न देता मालमत्ता काढून घेणं. पण तीनच वर्षांनी, १९०१ मध्ये, कॅन्सस सिटीच्या डांबरी रस्त्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने लांबीवरची आकारणी मान्य केली. तत्त्व आणि सोय यांची ही ओढाताण अजून मिटलेली नाही.

कलम ९८ मधलं सोनं

आता संशोधनाच्या मुद्द्यावर येतो. वाढ म्हणजे काय, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, “रस्त्यानंतरची किंमत वजा रस्त्याआधीची किंमत.” मीही पहिल्या वर्षी गाईडसमोर हेच म्हणालो होतो. मॅडमनी एकच विचारलं, “मधल्या तीन वर्षांत कांद्याचा भाव काय झाला?”

मुद्दा असा की रस्ता नसता तरी किंमत बदललीच असती. सायखेड्यात पिंपळगाव बाजार समितीचा उपबाजार आहे, जमिनीला मागणी त्यामुळेही असते. ती वाढ बोळाच्या नावावर कशी टाकणार?

कलम ९८ ही चूक करत नाही. ते म्हणतं, परियोजना करण्याचा इरादा ज्या तारखेला जाहीर झाला, ती एकच तारीख धरा. त्या तारखेला परियोजना पूर्ण झाली आहे असं समजून भूखंडाची किंमत काढा. त्याच तारखेला सुधारणा विचारात न घेता त्याच भूखंडाची किंमत काढा. दोन्हींतला फरक म्हणजे वाढ. म्हणजे ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना नाही, ‘सह आणि विना’ अशी आहे. ज्याला आपण प्रतितथ्य म्हणतो, ते घडलेलं नसलेलं दुसरं जग कायद्याने व्याख्येतच घालून ठेवलंय.

अडचण एवढीच की ते दुसरं जग कोणी पाहिलेलं नसतं. ते अंदाजावं लागतं, आणि आपलं काम तिथे सुरू होतं.

सायखेड्यात हे मोजायचं झालं तर?

सोपा मार्ग वाटतो तो फरकातला फरक. रस्ता झालेला बोळ आणि न झालेला बोळ घ्या, दोन्हींतले किमतींचे बदल काढा, एकातून दुसरा वजा करा. पण त्यात चार खड्डे आहेत.

एक, निवड. कोणत्या बोळात आधी रस्ता होतो, हे चिठ्ठी टाकून ठरत नाही. जिथे वर्दळ आहे, लोक बोलके आहेत, तिथे आधी होतो. तिथल्या किमती कदाचित तशाही वाढणार होत्या.

दोन, सांडणारा परिणाम. एका बोळात टेम्पो जायला लागला की शेजारच्या बोळातली गर्दी कमी होते, नाहीतर पाणी तिकडे वळतं. मग तुलनेचा बोळ स्वच्छ राहत नाही.

तीन, चाहूल. काम मंजूर झाल्याची बातमी आली की भाव आधीच हलतो. म्हणून तर कायदा इराद्याची तारीख धरतो.

चार, विदा. रेडी रेकनरचे दर विभागवार असतात. दोन शेजारच्या बोळांतला फरक त्यांत दिसतच नाही. खरेदीखतं बघायची तर गावठाणात व्यवहार मोजकेच होतात, आणि खतावरचा आकडा खरा धरायचा का, हा वेगळाच प्रश्न. त्यामुळे रेडी रेकनरवर आधारित घरपट्टीची आकारणी घेऊन ‘रस्त्याने किंमत वाढत नाही’ असा निष्कर्ष काढलात, तर तो रस्त्याबद्दलचा नसेल, तक्त्याबद्दलचा असेल.

कागदावरची वाढ आणि हातातले पैसे

समजा मोजमाप अगदी अचूक झालं. तरी एक गोष्ट उरते. घर अ मधल्या माणसाची किंमत ६०,००० ने वाढली, पण त्याला घर विकायचंच नाही. वाढ कागदावर, वर्गणी खिशातून. म्हणून हप्त्यांची सोय कायद्यात ठेवावी लागते.

आणि वेळ. अहमदाबादच्या एका परियोजनेचा इरादा १९२७ मध्ये जाहीर झाला, तिच्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९६९ मध्ये निकाली निघाला. मधल्या बेचाळीस वर्षांत रुपया कुठल्या कुठे गेला. इराद्याच्या तारखेच्या भावाने काढलेलं अंशदान इतक्या वर्षांनी वसूल करायचं म्हटलं तर हातात काय उरणार? मोजणी बरोबर असूनही उशिरामुळे सगळं निरर्थक होऊ शकतं.

तुमच्यासाठी

विषय निवडताना मोठा शब्द शोधू नका. ‘फायदा’, ‘सुधारणा’, ‘विकास’ असा रोजचा शब्द घ्या आणि तीन प्रश्न विचारा. कोणाच्या तुलनेत? कोणत्या तारखेला? आणि उत्तर ऋण आलं तर ते लपवायला तुमच्या मोजपट्टीत जागा आहे का? तिसरा प्रश्न आत्याचा आहे. पुष्कळ प्रश्नावल्यांत ‘रस्त्यामुळे फायदा झाला का? थोडा / बराच / खूप’ एवढेच पर्याय असतात. तिचं उत्तर लिहायला रकानाच नसतो.

ओट्यावर शेवटी काय ठरलं? चाळवाल्याने स्वतःहून दोन वाटे उचलले. लांबीचा विषय निघाला नाही. आणि आत्याने वर्गणी दिली, पण एका अटीवर: आधी बोळ खोदायचा, मग ब्लॉक बसवायचे, उंबरा वरच राहिला पाहिजे. खोदाईचा खर्च सगळ्यांत वाटला गेला. तिचा तोटा त्यांनी मोजला नाही, होऊच दिला नाही.