गळत तर नाही ना?

1996 ची गोष्ट. गणपतीला आठ दिवस उरले होते आणि आमच्या सेकंडहँड प्रीमियर पद्मिनीचा ब्रेक पायाखाली स्पंजासारखा दबायला लागला होता. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ही गाडी. तिच्या पोटात काय आहे हे मुंबईत ज्याला-त्याला ठाऊक, त्यामुळे माझ्यासारख्या बँकेतल्या माणसालाही आपण मिस्त्री आहोत असं रविवारपुरतं वाटायचं. गणपतीला कोकणात जायचं होतं, वाटेत कशेडी घाट होता आणि मागच्या सीटवर आई बसणार होती.

ब्रेक दबतो म्हणजे तेलात हवा शिरली. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर चाकापर्यंत न पोचता मधल्या मध्ये विरतो. ही हवा काढण्यासाठी प्रत्येक चाकाच्या सिलिंडरला ब्लीडर नावाचा एक छोटा पोकळ स्क्रू असतो. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं ब्लीडर सैल करायचा. पेडलवर माझा नऊ वर्षांचा मुलगा होता, सीटच्या टोकाला येऊन.

मागच्या डाव्या चाकाचा ब्लीडर गंजलेला होता. शिवडीला खाडीवरून येणारा खारा वारा लोखंडाला सुखानं राहू देत नाही. मी रॉकेल टाकलं आणि रिंग पाना शोधायचा कंटाळा करून साधाच पाना लावला. जोर दिला. पाना एकदम हलका झाला. सुटला, असं वाटेपर्यंत ब्लीडरचं डोकं हातात आलं होतं आणि बाकीचा तुकडा सिलिंडरमध्ये तसाच होता.

आणि गंमत म्हणजे, गळत काहीच नव्हतं. ब्लीडर बंद असतानाच तुटला होता, त्याचं टोक आत घट्ट बसलेलं. आमच्या इमारतीतल्या जाणकारांनी एकमतानं निकाल दिला: वरून एम-सील लावा, गणपती करून या, मग बघू. पेडल दोन-तीनदा दाबलं की कडकही होत होतं. बँकेत ताळा जुळला नाही की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाण्याचा मोह होतो, तसाच मोह मला तिथे, हात तेलकट असताना झाला. ‘झालं काम,’ असं मी म्हणणारच होतो.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, “पप्पा, पण एकदाच दाबलं तर?”

नाक्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं तुकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “साहेब, हा काढता येईल. पण काढून वाचवायचं काय?” म्हणत त्यानं ड्रम उतरवला. सिलिंडरच्या रबरी टोपीखाली ओल होती, लायनर तेलानं काळे पडले होते. म्हणजे सिलिंडर आधीपासूनच झिरपत होता. ब्लीडर तुटला म्हणून कळलं. तेल प्यायलेले लायनर कितीही पुसले तरी पुन्हा तसे पकडत नाहीत. ते मागच्या दोन्ही चाकांचे बदलायला हवेत, नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते. रॉकेलचा डबा त्यानं बाजूला सरकवला: ब्रेकच्या रबराला रॉकेल लागलं की ते फुगतं. सिलिंडर काढताना लोखंडी पाइपचा नटही गोल झाला, पाइप पिळला. तोही नवा. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ड्रममधली धूळ आम्ही खुशाल फुंकर मारून उडवली, हे आज आठवलं की धस्स होतं.

खरा दोष माझा होता, तो वेगळाच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि मी ते कधीच बदललं नव्हतं. कमी झालं की वरून ओतायचो. नव्या डॉट 3 तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सियस असतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तो 140 पर्यंत उतरू शकतो. घाट उतरताना ब्रेक तापतात, तेलातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. आणि तेच पाणी सिलिंडरला आतून गंजवतं.

ऑपेरा हाउसला सामान घ्यायला जायचं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती, आणि मिस्त्रीही गावी निघाला होता. संध्याकाळी बायकोनं विचारलं, “अहो, मग जायचं कसं?” परळ डेपोतून एस.टी.नं गेलो. आई खिडकीशी बसली, आम्ही आळीपाळीनं उभे. कशेडीला ड्रायव्हरनं गिअर खाली टाकला तेव्हा मी उगाचच त्याच्या पायाकडे पाहत होतो. आईनं मात्र गाडी घेऊन काय उपयोग, हे महाडपर्यंत दोनदा आणि महाडनंतर चारदा ऐकवलं.

पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या; आमची तर कधीच विकली. ते तुटलेलं डोकं मात्र टेबलाच्या खणात आहे. परवा मुलगा नाशिकहून कसारा घाट उतरून आला. त्याच्या गाडीत एबीएस आहे, एअरबॅगा आहेत. गाडी सात वर्षांची झाली. मी विचारलं, “ब्रेक ऑइल कधी बदललंस?”

तो म्हणाला, “ते बदलायचं असतं?”