चाकूचे पैसे कुठे मुरतात?

भाईंदर पूर्वेला, नवघरच्या आसपास स्टीलची भांडी घडवणारे गाळे आहेत. भांड्यांसाठी नावाजलेलं ३०४ जातीचं स्टील गंजत नाही. पण त्यात कार्बन जेमतेम ०.०८ टक्के. कितीही तापवून विझवा, ते धारेजोगं कडक होत नाही. चाकूला कार्बन लागतो.

खिशात ठेवायच्या महागड्या चाकूंतलं ‘एस३०व्ही’ पोलाद पाहा: कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, क्रोमियम १४, व्हॅनेडियम ४. असं मिश्रण साध्या साच्यात ओतलं, तर त्यातले कार्बाइडचे (कार्बन आणि धातूच्या संयुगाचे) कण मोठे होतात आणि पातं ठिसूळ बनतं. म्हणून वितळलेल्या पोलादावर वायूचा झोत मारून त्याची बारीक भुकटी करतात आणि ती प्रचंड उष्णतेत, दाबाखाली एकजीव करतात. कण बारीक राहतात, धार टिकते. हा खर्च खरा आहे.

मात्र व्हॅनेडियम कार्बाइड नेहमीच्या धारेच्या दगडाहून कठीण असतं. म्हणून असं पातं परजायला हिऱ्याची पट्टी लागते. फळं, दोरी, पुठ्ठा कापायला व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या चाकूचं साधं पातं पुरतं आणि पटकन परजताही येतं. राहिली मूठ: टायटॅनियमची मूठ हलकी असते, गंजत नाही. कापण्यात तिचा काहीच वाटा नसतो. माझ्या मते जास्त पैसे द्यायचेच तर पात्यासाठी द्यावेत, मुठीसाठी नाही.