जिम हेंडी

जेम्स हेंडी ऊर्फ जिम हेंडी (१९०५ – जानेवारी १९६१) हे आइस हॉकी, म्हणजेच बर्फावरील हॉकी, या खेळाचे आद्य सांख्यिकीतज्ज्ञ, लेखक व संघ-व्यवस्थापक होते. १९३३ पासून त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘द हॉकी गाइड’ या वार्षिकामुळे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक हॉकीपटूंच्या कामगिरीची संकलित नोंद वर्षानुवर्षे उपलब्ध होत गेली.

पार्श्वभूमी

हेंडी यांचा जन्म वेस्ट इंडिजमधील बार्बाडोस या उष्ण कटिबंधीय बेटावर झाला. त्यांचे कार्य मात्र कॅनडा व अमेरिकेतील या हिवाळी खेळाशी निगडित राहिले. नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) ही प्रमुख स्पर्धा १९१७ मध्ये माँट्रियल येथे स्थापन झाली. तिच्याखाली अनेक दुय्यम लीग होत्या आणि बहुतेक खेळाडूंची कारकीर्द या लीगांमध्ये शहरे बदलत व्यतीत होई. सामन्यांचे तपशील स्थानिक वृत्तपत्रांत विखुरलेले असत. खेळाडू दुसऱ्या शहरी गेला की त्याची आधीची कामगिरी मागे राही व तिचे मूल्यमापन ऐकीव माहितीवर अवलंबून असे.

द हॉकी गाइड

ही उणीव हेंडी यांच्या वार्षिकाने भरून काढली. आइस हॉकीत गोल करणाऱ्याबरोबरच त्यापूर्वी चकती पुढे देणाऱ्या जास्तीत जास्त दोन सहकाऱ्यांना ‘सहाय्या’चे श्रेय मिळते. गोल व सहाय्य यांची बेरीज म्हणजे खेळाडूचे गुण; २० गोल व २५ सहाय्ये असल्यास ४५ गुण होतात. याशिवाय शिक्षेची मिनिटे, तसेच गोलरक्षकाने सरासरी किती गोल होऊ दिले, हेही नोंदले जाते.

अशा नोंदींचे महत्त्व नियमबदलांच्या वेळी विशेष जाणवते. १९२९–३० च्या हंगामात एनएचएलने मैदानाच्या सर्व विभागांत पुढे पास देण्याची मुभा दिली आणि गोलांची संख्या एकदम वाढली. त्यामुळे त्याआधीच्या व नंतरच्या खेळाडूंची तुलना केवळ एकूण गोलांवरून करणे अन्यायाचे ठरते. प्रत्येक हंगामाचा स्वतंत्र आकडा हाती असला, तरच हा फरक लक्षात येतो. हेंडी यांच्या वार्षिकाचा क्रम १९५१ पर्यंत चालला.

व्यवस्थापकीय कारकीर्द

हेंडी यांनी न्यू यॉर्क रेंजर्स संघाचे प्रसिद्धीकार्य सांभाळले. पुढे ते अमेरिकन हॉकी लीगमधील क्लीव्हलँड बॅरन्स या संघाचे महाव्यवस्थापक झाले. त्यांच्या काळात संघाने १९५१, १९५३, १९५४ व १९५७ मध्ये काल्डर चषक जिंकला. १९५२ मध्ये संघाला एनएचएलमध्ये सशर्त प्रवेश देऊ करण्यात आला होता. तथापि आवश्यक भांडवलाची अट पूर्ण न झाल्याने तो प्रत्यक्षात आला नाही.

वारसा

हेंडी यांच्या स्मरणार्थ अमेरिकन हॉकी लीग उत्कृष्ट पदाधिकाऱ्यास ‘जेम्स सी. हेंडी स्मृती पुरस्कार’ देते. १९६८ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेमच्या ‘बिल्डर’, म्हणजे खेळाच्या उभारणीस हातभार लावणाऱ्या व्यक्तींच्या, विभागात त्यांचा मरणोत्तर समावेश झाला. नामवंत खेळाडूंची कीर्ती त्यांच्या चाहत्यांनी जपली. दुय्यम लीगमध्ये आयुष्य वेचलेल्या अनेकांची कामगिरी मात्र अशा नोंदींमुळेच टिकून राहिली.