आधी तास, मग टाचण

मुलं घरी शिकतात म्हटलं की येणारा-जाणारा पहिल्यांदा वेळापत्रक विचारतो. किती वाजता बसवता, गणित कधी, सुट्टी कधी? माझ्याकडे दाखवण्यासारखं वेळापत्रक नाही. नोंदवह्या आहेत, आणि त्या मी आनंदाने पुढे ठेवते. वर्षाचं नियोजन आम्हीही करतो, पण ते सैल असतं. नोंद मात्र रोजची असते, त्यात सवलत नाही.

माझे सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, टाचण हे शब्द मी त्यांच्याकडूनच उचलले. त्यांच्या शाळेत आधी टाचण लिहायचं, मग तास घ्यायचा. चाळीस मुलं एका खोलीत असली की दुसरा मार्ग नसतो. दोन मुलांच्या घरात हा क्रम उलटा करता येतो. काय शिकवायचं ते थोडक्यात ठरवायचं आणि मूल प्रत्यक्षात काय शिकलं ते सविस्तर लिहायचं.

आमचं वर्ष जूनमध्येच सुरू होतं. त्याचे तीन भाग पडतात : दिवाळीपर्यंत, तिथून होळीपर्यंत आणि मग मे अखेरपर्यंत. वाईत पावसाळ्यात फारसं बाहेर पडता येत नाही, म्हणून तेव्हा भाषा आणि गणित जास्त. दिवाळीनंतर गड, घाट आणि शेतं. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. आम्ही प्रत्येक पुस्तकाची अनुक्रमणिका छापून भिंतीला लावतो आणि धडा झाला की त्यापुढे तारीख घालतो. इतिहासाचा सातवा धडा तिसऱ्याच्या आधी झाला तर काही बिघडत नाही. गणिताला मात्र मी ही मोकळीक देत नाही. अपूर्णांक पक्के झाल्याशिवाय टक्केवारीला हात लावायचा नाही.

आता नोंदीकडे येते, कारण खरं काम तिथे आहे. मी ‘छान’, ‘प्रगती समाधानकारक’ असे शब्द लिहीत नाही. वर्षभराने वाचलं तर त्यातून काहीच कळत नाही. मूल काय करत होतं आणि काय म्हणालं, तेवढंच लिहायचं. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर गेलो होतो. तिथे वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. त्या दिवशीची मुलीची नोंद अशी आहे : ‘घंटा १७०७ सालची असं कळलं. वसई १७३९ मध्ये जिंकली, हे तिला आठवत होतं. वजाबाकी तोंडी केली. म्हणजे बत्तीस वर्षं ती तिकडे वाजत होती, असं म्हणाली. घरी येऊन नकाशात वसई शोधली. प्रश्न : लोखंडाची घंटा अशी का वाजत नाही?’ इतिहास, गणित, भूगोल आणि विज्ञान असे वेगळे रकाने मी पाडले असते तर ही दुपार चार तुकड्यांत विखुरली असती.

आपल्या राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि शिक्षक प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहू लागले. ती कल्पना मला मनापासून पटते. भरलेल्या वर्गात प्रत्येक मुलासाठी तेवढा वेळ काढणं कठीण असतं. घरात तो मिळतो, म्हणून तो वापरायलाच हवा.

नोंदींचा सगळ्यात मोठा उपयोग मला धाकट्याच्या वाचनात झाला. तो आठ वर्षांचा आहे आणि एसटीच्या पाट्या हे त्याचं आवडतं पुस्तक. ‘महाबळेश्वर’ तो न थांबता वाचायचा आणि ‘मार्गे’पाशी अडायचा. त्या दिवशी मी तेवढंच लिहिलं. पुढे ‘गर्दी’, मग ‘सूर्य’, मग ‘पर्वत’ असे अडखळलेले शब्द वेगवेगळ्या पानांवर येत गेले. ती पानं एकत्र वाचल्यावर दिसलं की जोडाक्षरं त्याला येत होती, फक्त रफार येत नव्हता. वरची ती रेघ आधी उच्चारायची की नंतर, याचाच गोंधळ होता. रोजच्या गडबडीत माझ्या हे लक्षात आलं नसतं. मग काही आठवडे आम्ही रफाराचेच शब्द गोळा केले.

कागदपत्रांची बाजूही सांगायला हवी. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात घरी शिकण्याची वेगळी तरतूद नाही आणि मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करणारे शिक्षक दारात आले, तर मूल शिकतं आहे हे दाखवायला हाताशी काहीतरी हवं. म्हणून जन्मदाखला, पूर्वीच्या शाळेचा दाखला आणि नोंदवह्या एका फाइलमध्ये ठेवाव्यात. पुढे राज्य मंडळाकडे सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचं असेल तर शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो हरवू देऊ नका.

आमचा विचार राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा आहे. तिथे दहावीसाठी चौदा वर्षं पूर्ण लागतात. किमान पाच विषय घ्यायचे, त्यात एक तरी भाषा हवी. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सगळे विषय एका दमात द्यायची सक्ती नाही. कोणता विषय आधी द्यायचा हे ठरवताना जुन्या वह्या उपयोगी पडतील, असा माझा भरवसा आहे.

वह्या मी मुलांपासून लपवत नाही. मेमध्ये आम्ही तिघं त्या एकत्र वाचतो. ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणत मुलगी कुठे ओळ खोडते, बाजूला स्वतःची लिहिते, आणि ती मी तशीच राहू देते. जे प्रश्न लिहून ठेवले आणि मागे राहिले, त्यांची यादी होते, आणि पुढच्या वर्षाचं नियोजन त्या यादीतूनच निघतं. येत्या जूनला विज्ञानाची सुरुवात धातूंपासून आहे आणि पुण्याच्या तांबट आळीत एक दिवस घालवायचं ठरलं आहे.