हायस्कूल-समकक्षतेची परीक्षा : प्रौढांसाठी असलेले नियम आणि त्यांमागील विचार

शाळा अर्ध्यावर सुटलेल्या प्रौढास शालेय शिक्षणाची मान्यता कोणत्या अटींवर द्यावी, हा प्रश्न प्रत्येक शिक्षणव्यवस्थेपुढे उभा राहतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी त्यास दिलेले सर्वांत परिचित उत्तर म्हणजे 'जी. ई. डी.', अर्थात सामान्य शैक्षणिक विकासाची कसोटी. तिचे नियम वरवर पाहता केवळ प्रशासकीय वाटतात. परंतु 'समकक्षता' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यांच्या मुळाशी आहे.

महाराष्ट्रात शाळेबाहेरचा विद्यार्थी सतरा क्रमांकाचा अर्ज भरून माध्यमिक शालान्त परीक्षेस खाजगी रीतीने बसतो. परीक्षा तीच असल्यामुळे तेथे समकक्षतेचा वाद उद्भवत नाही. अमेरिकेत सर्वांसाठी एकच अशी शालान्त परीक्षा नाही. हायस्कूलचा डिप्लोमा मुख्यतः शाळेत पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमांच्या श्रेयांकांवर मिळतो. त्यामुळे शाळेबाहेरच्यांसाठी निराळी कसोटी निर्माण करणे भाग पडले.

ही कसोटी १९४२ साली, शिक्षण अपुरे राहिलेल्या सैनिकांसाठी तयार झाली. आयोवा विद्यापीठातील ई. एफ. लिंडक्विस्ट ह्यांचा तिच्या रचनेत प्रमुख वाटा होता. पाठ्यपुस्तकांतील तपशील किती स्मरतो हे पाहण्यापेक्षा, समोरील मजकुराचा अर्थ लावून विचार करण्याची शक्ती मोजावी, हे तिचे तत्त्व होय. १९४७ साली न्यूयॉर्क राज्याने ती नागरिकांनाही खुली केली.

नियमांपैकी पहिला पात्रतेचा. उमेदवाराने हायस्कूलचा डिप्लोमा मिळविलेला नसावा व तो कोणत्याही हायस्कूलमध्ये दाखल नसावा. किमान वय सोळा. तथापि सोळा व सतरा वर्षांच्या उमेदवारांवर राज्ये आणखी अटी घालतात. परीक्षा ही शाळा सोडण्याची सोपी वाट ठरू नये, हा ह्या निर्बंधांचा हेतू आहे. प्रौढास ह्या विशेष अटी लागू नसतात.

दुसरा नियम गुणांचा. २०१४ पासून परीक्षा संगणकावर होते व तिचे चार विषय आहेत : गणित, भाषा, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. ते एकाच बैठकीत द्यावे लागत नाहीत; नोकरी व संसार सांभाळणाऱ्या प्रौढास ही मोठी सोय आहे. प्रत्येक विषयाची गुणश्रेणी १०० ते २०० असून उत्तीर्ण होण्यास १४५ गुण लागतात. ही मर्यादा आरंभी १५० होती. ती २०१६ मध्ये खाली आणण्यात आली. एका विषयातील उणीव दुसऱ्यातील अधिक गुणांनी भरून निघत नाही. अनुत्तीर्ण उमेदवारास तोच विषय पुन्हा देता येतो. मात्र तीन प्रयत्नांनंतर सामान्यतः साठ दिवस थांबावे लागते.

ह्या नियमांनी कायद्याच्या दृष्टीने समकक्षता सिद्ध होते. व्यवहारात ती कितपत टिकते, हा निराळा प्रश्न आहे. अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन व स्टीफन कॅमेरॉन ह्यांनी १९९३ मध्ये असे दाखविले की, श्रमबाजारात जी. ई. डी. धारकांची स्थिती डिप्लोमाधारकांपेक्षा शाळा सोडलेल्यांच्या स्थितीला अधिक जवळची असते. हेकमन ह्यांच्या पुढील संशोधनाचा निष्कर्ष असा की, कसोटी बुद्धीचे मापन करते. परंतु वर्षानुवर्षे नियमित शाळेत जाण्याने सिद्ध होणारी चिकाटी व शिस्त तिच्या कक्षेत येत नाही. ज्या सैन्याच्या गरजेतून ही परीक्षा जन्मली, त्याच सैन्याच्या भरतीत तिचे प्रमाणपत्र डिप्लोमाच्या खालच्या, दुसऱ्या श्रेणीत गणले जाऊ लागले, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु ह्यावरून परीक्षा निरर्थक ठरते, असे अनुमान काढणे योग्य होणार नाही. महाविद्यालयाचे बंद दार उघडणे, हे तिचे कार्य आजही मोलाचे आहे; त्या दारातून आत गेलेला प्रौढ पुढील शिक्षण पूर्ण करतो की नाही, ह्यावर तिचे फलित अवलंबून राहते. तात्पर्य, चार विषयांतील १४५ गुण ज्ञानाची समकक्षता सांगतात. शाळेत घालविलेल्या वर्षांची समकक्षता सांगत नाहीत. नियमांचा अभ्यास करताना हा भेद दृष्टिआड होऊ देता कामा नये.