फाशीतली सवलत नको म्हणणारी वकीलबाई

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत अन्ना चांडी एका ओळीत आटोपतात : उच्च न्यायालयाच्या पहिल्या भारतीय महिला न्यायमूर्ती, केरळ, १९५९. ओळ बरोबर आहे. माझं कुतूहल मात्र वर्षानुवर्षं अडकलंय ते त्याआधीच्या, त्रावणकोर संस्थानातल्या भांडखोर वकीलबाईंपाशी.

जन्म १९०५चा, सीरियन ख्रिस्ती घरातला. १९२६मध्ये कायद्याची पदवी. ती मिळवणारी केरळातली ही पहिली स्त्री. वकिली फौजदारी आणि नवरा पोलीस अधिकारी! (जेवताना काय बोलणं होत असेल, देव जाणे.) शिवाय ‘श्रीमती’ नावाचं मासिक त्या चालवत. सरकारी नोकऱ्यांत बायकांना जागा राखाव्यात का, यावर त्रिवेंद्रममध्ये सभा झाली. विरोधात टी. के. वेलु पिळ्ळै, म्हणजे मोठं प्रस्थ. बाई नोकरीला लागली की संसारसुख बिघडतं, हा त्यांचा सूर. चांडीबाई उभ्या राहिल्या आणि कोर्टात उभ्या असल्यासारखा त्यांनी एकेक मुद्दा खोडून काढला.

१९३१मध्ये त्या श्रीमूलम प्रजासभेच्या, म्हणजे त्रावणकोरच्या विधिमंडळाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. विरोधकांनी थेट चारित्र्यालाच हात घातला. दिवाणांशी आणि इतर अधिकाऱ्यांशी संबंध असल्याच्या कंड्या पिकवल्या, अश्लील पोस्टर लावली. चांडीबाई हरल्या. अशा वेळी भल्या घरच्या बाईने तोंड मिटून बसायचं असतं. यांनी ‘श्रीमती’त खरमरीत संपादकीय लिहून सगळा प्रकार चव्हाट्यावर आणला, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभ्या राहून निवडून आल्या. १९३४पर्यंत सभागृहात त्या बायकांच्या प्रश्नांवर तर बोलल्याच, अंदाजपत्रकावरही बोलल्या.

खरा ऐवज १९३५चा. मलयाळी बायकांना मालमत्ता आहे, मत आहे, नोकरी आहे. पण स्वतःच्या शरीरावर ताबा किती जणींचा, असा सवाल त्यांनी भर सभेत केला. संततिनियमनाची केंद्रं हवीत, असंही त्या म्हणत. आणि याच बाई त्रावणकोरात स्त्रियांना फाशीतून असलेली सूट रद्द करा म्हणून लिहीत होत्या! बरोबरी मागायची तर ती दोराच्या टोकापर्यंत मागायची. फाशीची शिक्षा मला स्वतःला मान्य नाही; पण सोयीपुरती समता मागणाऱ्यांपेक्षा हा सरळपणा मला मोलाचा वाटतो.

१९३७मध्ये दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी त्यांना मुन्सफ नेमलं. आपण अडखळलो तर ठपका सगळ्या बायकांवर येईल, ही धास्ती तेव्हा मनात होती, असं त्यांनीच सांगितलं आहे. १९४८मध्ये जिल्हा न्यायाधीश, १९५९ ते १९६७ उच्च न्यायालय, पुढे विधी आयोग. बढत्यांची ही यादी मला फारशी खिळवत नाही. न्यायासनावर बसलेल्या माणसाला भांडता येत नाही. तरी दोन सालं ध्यानात ठेवावीत : इंग्लंडच्या हायकोर्टात पहिली स्त्री न्यायाधीश आली १९६५मध्ये, आणि आपल्या मुंबईत सुजाता मनोहर आल्या १९७८मध्ये.

चांडीबाई १९९६मध्ये वारल्या. त्यांचं १९३५चं भाषण जे. देविका यांच्या ‘हर-सेल्फ’ या इंग्रजी संकलनात वाचायला मिळतं. निदान वकिली शिकणाऱ्या मुलामुलींनी तरी ते वाचावं.